आठव्या मात्रेनंतर

मास्तरांनी काढलेले नकाशे तपासायचं काम माझ्याकडे अकरा वर्षं होतं. त्या अकरा वर्षांत त्यांच्या नकाशावर मी तांबड्या शाईने खूण केली ती दोनदा. दोन्ही वेळा चूक माझी निघाली.

ठाण्याच्या मोजणी कचेरीत आमची टेबलं शेजारीशेजारी होती. ते नकाशे काढायला, मी क्षेत्रफळं काढायला आणि हद्दी एकमेकींशी जुळतात की नाही ते पाहायला. ते कुठल्याही शाळेत कधीही मास्तर नव्हते. तरी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण रविवारी ते डोंबिवलीत मुलांना काहीतरी शिकवतात एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. काय शिकवतात ते कुणी विचारलं नव्हतं. मीही चार वर्षं विचारलं नाही.

त्यांची एक सवय कचेरीत थट्टेचा विषय झाली होती. कुठलीही नवी वस्तू दिसली की ते बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करत आणि मान कलती करून ऐकत. दार, माठ, डबा, खिडकीची काच, एकदा तर नव्या साहेबांची कडक सोला हॅट. हेडक्लार्कांना नवं टेबल आलं तेव्हा मास्तर उठून गेले, चारी कोपऱ्यांवर टकटक केली आणि म्हणाले, "मागचा उजवा पाय पोकळ आहे."

"मास्तर, कालच आलंय हो टेबल. सागवानी आहे."

"असेल. पण पाय पोकळ आहे."

"तुम्ही काय डॉक्टर आहात का टेबलांचे?" हेडक्लार्क म्हणाले आणि सगळे हसले. मास्तरही हसले. तीन महिन्यांनी तो पाय वाळवीने खाल्लेला निघाला आणि हेडक्लार्कांच्या दौतीसकट खाली बसला. त्यावर मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. दुसरा कुणी असता तर निदान वर्षभर तरी बोलला असता.

दुसरी सवय म्हणजे त्यांचं एक वाक्य. "अजून यायचंय." गाडी उशिरा आली तर अजून यायचीय, वरून मंजुरी आली नाही तर अजून यायचीय. नव्या उमेदवाराने नकाशाची घडी उलटी घातली तर मास्तर त्याला चुकलास असं म्हणायचे नाहीत. "घडी अजून यायचीय तुला," म्हणायचे आणि स्वतः पुन्हा घालून दाखवायचे. त्या उमेदवाराला घडी यायला पाच आठवडे लागले. मी असतो तर दुसऱ्या दिवशी ओरडलो असतो आणि मला वाटतं, तो तिसऱ्या दिवशी शिकला असता. हा आमच्या दोघांतला फरक मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

कचेरीतल्या सत्यनारायणाला आरती चालू असताना मी एकदा पाहिलं, मास्तरांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. नंतर प्रसादाच्या वेळी मी विचारलं, "तुम्ही गाणं शिकवता म्हणतात. मग आरती मनातल्या मनात का?"

"मला गाता येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. लहानपणी वाईला एका गुरुजींकडे दीड वर्ष जात होतो. त्यांनी खूप प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, तुला सम दिसते पण तू तिथे पोचत नाहीस. जा, घरी जाऊन चित्रं काढ." त्यांनी द्रोणातला शिरा संपवला. "म्हणून नकाशे काढतो."

मला वाटलं ते विनोद करताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

ते एकटे राहायचे. डोंबिवलीत पश्चिमेला, कोपरकडे जाताना भातशेतीच्या कडेला एका बैठ्या चाळीत शेवटची खोली. खोलीत एक ताट, एक भांडं, एक कपबशी. कुणी आलं तर ते कपातून चहा द्यायचे आणि स्वतः बशीतून प्यायचे. नातेवाइकांबद्दल ते बोलत नसत. कचेरीत त्याबद्दल तीन कथा होत्या. मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यामुळे तिन्हींपैकी कुठली खरी ते मला माहीत नाही.

मीही डोंबिवलीतच राहायचो. आमच्या वस्तीत एक वाचनालय होतं. पुढे पुस्तकं आणि मागे शहाबादी फरशीची एक मोठी खोली. मी त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. दरवर्षी पुस्तकांची मोजणी मी करत असे. एका रविवारी सकाळी मोजणीसाठी गेलो असताना मागच्या खोलीतून "आलो!" असा ओरडा ऐकू आला. सहा-सात मुलांचा असावा. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. मी पुस्तक क्रमांक चारशे बारा हातात घेऊन मागे गेलो आणि दारात उभा राहिलो.

आत मास्तर होते आणि सात मुलं होती. अशी मुलं तोपर्यंत मी एकेकटी पाहिली होती, आणि तीही दारामागे किंवा आईच्या पदराआड. लोक त्यांना खुळी म्हणत, वेडी म्हणत, आईबाप "आमचा हा असा आहे" एवढंच म्हणत. मास्तर त्यांना सावकाश मुलं म्हणायचे. त्यांतला एक, वसंता, कमरेखाली लुळा होता. एक लछू नावाचा, कल्याणच्या कॅम्पातला सिंधी मुलगा. फाळणीनंतर त्याचं घर तिथे आलं होतं. त्याला मराठी येत नव्हती आणि त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे सिंधीही धड येत नव्हती. आणि एक ठाकुर्लीची शकू. नऊ-दहा वर्षांची असेल. तिला चार शब्द येत होते. तिचा बाप रेल्वेच्या वीजघरात होता आणि आई दर रविवारी तिला हाताला धरून चालत आणायची.

खेळ दोनच होते. पहिल्यात प्रत्येक मुलाला एक स्वर दिलेला होता. मास्तर जुन्या पेटीवर एक पट्टी दाबत आणि ज्याचा तो स्वर, त्याने उभं राहायचं, हात वर करायचा किंवा त्याला जे काही जमेल ते करायचं. शकूला 'नी' दिला होता, कारण मास्तर म्हणायचे, नीला सा अगदी जवळ, तिला लांब जायला नको. वसंताला 'म'. म तीव्र होतो, म्हणजे जागेवरून वर चढतो. पेटीवर तीव्र मध्यम वाजला की शेजारच्या दोघांनी वसंताला पाटासकट वीतभर उचलायचं. उचललं की वसंता खदखदून हसायचा. मास्तर तीव्र मध्यम जरा गरजेपेक्षा जास्तच वाजवतात हे माझ्या लगेच लक्षात आलं.

आणि लछूला 'सा'. तो एक क्षण जागेवर बसत नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत पळत होता.

"ह्याला सा कसा दिलात?" मी विचारलं.

"सा हलत नाही," मास्तर म्हणाले. "त्याला ते कुणीतरी सांगायला नको का?"

दुसरा खेळ फरशीवर होता. मास्तरांनी गेरूने एक वर्तुळ काढलं होतं, त्रिज्या सात फूट, आणि त्याची आठ घरं केली होती. मी नंतर मोजून पाहिली. आठांत बोटभराचाही फरक नव्हता. आठ घरं म्हणजे केरव्याच्या आठ मात्रा. मास्तर मध्ये बसून कचेरीतल्यासारखा एक लाकडी रूळ उलट्या खोक्यावर आपटायचे आणि प्रत्येक ठोक्याला मुलांनी पुढच्या घरात पाय टाकायचा. पाचवं घर पांढरं होतं. ती तालातली 'खाली', बिनठोक्याची मात्रा. तिथे पाय वाजवायचा नाही, हात बाजूला टाकायचा. वसंताला पाटासकट ओढत न्यायचं. आठवी मात्रा झाली की मास्तर रूळ वर धरायचे आणि थांबायचे. सगळी मुलं पहिल्या घरात येईपर्यंत सम पडायची नाही. शेवटचं मूल आलं की रूळ खोक्यावर पडायचा आणि सगळे मिळून ओरडायचे, "आलो!"

शेवटचं मूल म्हणजे नेहमी शकू. ती प्रत्येक घरात आपल्या पायांकडे बघत उभी राहायची.

"मास्तर," मी म्हणालो, "आठ मात्रांचा ताल म्हणजे आठच मात्रा. आठवी आणि पहिली यांच्यात तुम्ही चहा पिऊन याल एवढं अंतर ठेवताय."

"ती अजून यायचीय ना."

"पण मग ह्याला ताल म्हणायचं का?"

"ताल ज्यांना येतो त्यांचा ताल. हे आधी यायचं शिकताहेत." आणि त्यांचा रूळ वरच होता, कारण आम्ही बोलत होतो तोवर शकू सातव्या घरातच होती. बाकीची सहा मुलं समेवर उभी राहून तिच्याकडे बघत होती. लछूसुद्धा. मी पुस्तकांकडे परत गेलो.

पुढच्या वर्षी वस्तीतल्या बायकांनी शिवणवर्गासाठी ती खोली मागितली. त्यांनाही रविवारची सकाळच सोयीची होती. कार्यकारिणीचे अध्यक्ष एक वकील होते, समंजस माणूस. ते म्हणाले, "मास्तरांचं काम चांगलं असेल तर खोली त्यांची. पण चांगलं आहे की नाही हे कुणीतरी पाहून सांगायला हवं. मला दयेने लिहिलेला रिपोर्ट नको आणि रागाने लिहिलेलाही नको." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाची तपासणी मी एरवी रोजच करत होतो, म्हणून मला त्यात वावगं दिसलं नाही. शिवाय दुसरा कुणी गेला तर तो अंदाजाने लिहील अशी मला भीती वाटली.

मास्तरांना मी स्वतः सांगितलं. "बरं झालं तुम्ही येणार ते," ते म्हणाले. "तुम्ही मोजाल ते नीट मोजाल." मग म्हणाले, "एक करा. बाहेर खुर्चीवर नका बसू. खेळात या. आठवे तुम्ही, वरचा सा."

"मोजणाऱ्याने आत उतरायचं नसतं, मास्तर."

"तेही खरं," ते म्हणाले.

चार रविवार मी खिडकीजवळ खुर्ची टाकून बसलो. हातात सेकंदकाट्याचं घड्याळ, मांडीवर कागद. दर रविवारी वर्तुळाची वीस आवर्तनं, म्हणजे एकूण ऐंशी. मी प्रत्येक आवर्तनात आठव्या मात्रेनंतर समेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहिलं. स्वर ओळखण्याच्या खेळात प्रत्येक मुलाला दहा संधी आणि त्यांपैकी बरोबर किती, तेही लिहिलं. शकूची आई दाराशी बसलेली असायची. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, "सायेब, काय लिवता एवढं?"

"मुलं किती शिकली ते."

"मग लिवा की, येते म्हणून. येते ती. फकस्त तिला कुणी थांबायला पायजे."

मी मान हलवली आणि पुढचं आवर्तन लिहिलं, कारण तेवढ्यात रूळ पडला होता.

कार्यकारिणीच्या बैठकीला मास्तरांनाही बोलावलं होतं. ते कोट घालून आले आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसले. मी अहवाल वाचला. पाऊण पान होता. एकूण आवर्तनं ऐंशी. आठही मात्रा समान लयीत पूर्ण झाल्या अशी आवर्तनं शून्य. समेपूर्वीचा सरासरी विलंब बावीस सेकंद. स्वर ओळखण्याच्या सत्तर संधींपैकी बरोबर एकतीस. शेवटी वकीलसाहेबांनी लेखी विचारलेला प्रश्न होता, मुलांना लय आली आहे काय? त्याखाली मी लिहिलं होतं, नाही.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, यातला एखादा आकडा चुकला आहे असं तुम्हाला वाटतं का? असेल तर मोकळेपणाने सांगा."

"नाही," मास्तर म्हणाले. "आकडे बरोबर आहेत."

"तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

मास्तर बाकावरून उठले. मग म्हणाले, "फरशी मी धुऊन देईन."

आणि त्यांनी ती धुतली. पुढच्या शनिवारी कचेरीतून परस्पर वाचनालयात गेले. मी पुस्तकं परत करायला गेलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसून नारळाच्या शेंडीने फरशी घासत होते. गेरू सांध्यांत बसला होता. मी दारात उभा होतो हे त्यांना कळलं असावं, पण त्यांनी वर पाहिलं नाही आणि मी आत गेलो नाही. आज वाटतं, निदान बादली तरी भरून द्यायची होती.

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला कचेरीत आले. माझ्याशी बोलणं त्यांनी कमी केलं नाही. नकाशे पूर्वीसारखेच बिनचूक येत होते. फरक एवढाच पडला की "अजून यायचंय" हे वाक्य बंद झालं. दुसऱ्या एका नव्या उमेदवाराने घडी चुकवली तेव्हा मास्तरांनी ती त्याच्या हातातून घेतली, स्वतः घातली आणि कपाटात ठेवून दिली. हेडक्लार्क मला म्हणाले, "मास्तर आता माणसांत आले बघा." मला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दोनेक महिन्यांनी कोलशेतकडच्या खाडीकाठाच्या मोजणीचे कागद माझ्याकडे आले. जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हे ठरवायचं होतं. एका तरुण मोजणीदाराने भरतीच्या वेळी काठाशी चार वेळा पाण्याची पातळी घेतली होती आणि चारींची सरासरी काढून एकच आकडा दिला होता. मी त्याला टेबलाशी बोलावलं.

"हे काय केलंत?"

"सरासरी काढली, साहेब. अचूक यावं म्हणून."

"अहो, पाणी चढत होतं ना? चढत्या पाण्याची कुणी सरासरी काढतं का? चार वेळचे चार आकडे द्या मला. कुठून निघालं आणि कुठे पोचलं ते कळलं पाहिजे. सरासरीत ते बुडून जातं."

तो कागद घेऊन गेला. शेजारच्या टेबलावर मास्तरांची लेखणी क्षणभर कागदावरून उचलली गेली होती. मग ती पुन्हा खाली टेकली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी मी घरी गेलो आणि कपडेही न बदलता ट्रंक उघडून अहवालाचं कच्चं टिपण काढलं. पहिल्या रविवारच्या वीस आवर्तनांचा विलंब सरासरी अडतीस सेकंद. दुसऱ्या रविवारचा सव्वीस. तिसऱ्याचा पंधरा. चौथ्याचा नऊ. मी स्वतःच्या हाताने हे चार आकडे एकाखाली एक लिहिले होते, त्यांची बेरीज केली होती, चारांनी भागलं होतं आणि बावीस हा आकडा पक्क्या कागदावर उतरवून काढला होता. बेरीज बरोबर होती. भागाकार बरोबर होता. शकू दर रविवारी आधीपेक्षा सहा ते बारा सेकंद लवकर पोचत होती आणि मी ते भागाकारात बुडवलं होतं.

मी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी कागद शांतपणे पाहिला. "तुमची चूक झाली हे मान्य," ते म्हणाले. "पण आता शिवणवर्गाला वीस बायका येतात हो. त्यांना काय सांगू? सात मुलांतली एक मुलगी नऊ सेकंदांवर आली, म्हणून तुम्ही उठा?" त्यांच्या बाजूने पाहिलं तर तेही चूक बोलत नव्हते.

माझ्या बायकोने तोडगा काढला. ती म्हणाली, "आपली पुढची खोली आहे की. रविवारी सकाळी तिथे कोण असतं? तुम्ही आणि तुमचं वर्तमानपत्र." आमच्या पुढच्या खोलीत सात फुटांचं वर्तुळ मावत नव्हतं, पाच फुटांचं मावत होतं. मी मोजून पाहिलं आणि तेवढा निरोप घेऊन कोपरकडे मास्तरांच्या खोलीवर गेलो.

त्यांनी कपातून मला चहा दिला. मी चार आकडे त्यांच्यापुढे ठेवले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"बैठकीतच?"

"त्याच्या आधीपासून. मी तिथे बसलेला असायचो ना."

"मग बोलला का नाहीत? वकीलसाहेबांनी दोनदा विचारलं तुम्हाला."

"मी सांगितलं असतं तर ते माझं मत झालं असतं. तुमचे आकडे आणि माझं मत." त्यांनी बशी खाली ठेवली. "आणि मला वाटलं, तुम्हाला दिसेल. पुढच्या पानावर असेल असं वाटत होतं. मग तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात."

मी आमच्या पुढच्या खोलीबद्दल सांगितलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. खिडकीतून शेताकडे बघत राहिले. "बोलावणं सोपं आहे," ते म्हणाले. "पण ह्या मुलांना एकदा घरी बसवलं की ती घरी बसायला शिकतात. तेही सावकाशच शिकतात, पण शिकतात. पुन्हा बोलावून पुन्हा घालवायची वेळ आली तर माझ्याने व्हायचं नाही. तुम्ही आधी जाऊन या. येतील का विचारा. मग मला सांगा."

पुढच्या रविवारी सकाळी मी निघालो. सात घरांचे पत्ते मास्तरांनी नकाशाच्या अक्षरात लिहून दिले होते. कल्याणच्या कॅम्पात लछूच्या बराकीत दुसरंच कुटुंब होतं, त्यांनी फक्त हात हलवून लांबची दिशा दाखवली. दोन मुलांना गावी आजोळी पाठवून दिलं होतं. एकाचा बाप म्हणाला, "झालं ते पुष्कळ झालं, आता लोकांत शोभा नको." एका घराचं दार आतून कुणीतरी चालल्याचा आवाज येऊनही उघडलं नाही. वसंताची आई रडली. त्याला खांद्यावर घेऊन येणाऱ्या काकाची बदली भुसावळला झाली होती. सहा घरं झाली. दुपारी मी ठाकुर्लीला पोचलो.

शकूची आई अंगणात धान्य निवडत होती. तिने मला ओळखलं. "या सायेब," म्हणाली आणि बसायला पोतं टाकलं. मी आलो कशासाठी ते सांगितलं. तिचे हात सुपावर थांबले.

"नको," ती म्हणाली.

"आमच्याच घरी आहे. कुणी उठवणार नाही."

"तसं न्हाई सायेब. दोन म्हैने दर आयतवारी उठायची नि चपला घालून उंबऱ्यात बसायची. हाक मारली तरी उठायची न्हाई. दुपार व्हायची. मी मारलंबी एकदा तिला. आता कुठं इसरली. पुन्ना आठवन नगा काढू तिची." मग आवाज चढवून म्हणाली, "शके, पानी आन गं सायबास्नी."

अंगणाच्या त्या टोकाला, मोरीपाशी माठ होता. शकू भांडं भरून घेऊन निघाली. मी सवयीने मोजत होतो. चार पावलं ती भांड्याकडे बघत नीट आली. पाचव्या पावलाला तिने हात झटकन बाजूला टाकला आणि अर्धं पाणी जमिनीवर गेलं.

"बगा, अशी सांडते," आई म्हणाली. "रोजचं हाय. किती सांगा, मदीच हात फेकते."

सहा, सात, आठ. मग आणखी एक पाऊल टाकून शकू थांबली. माझ्यापासून चार हातांवर. माझ्याकडे बघत नव्हती. ती मागे वळून, आपण जिथून आलो त्या मोकळ्या अंगणाकडे बघत होती, एकेका जागी, जणू तिथे कुणी चालत येतंय.

"आन की गं!" आई म्हणाली. "अशीच हुबी ऱ्हाते. मधीच काय हुतं तिला काय कळत न्हाई." तिने उठून भांडं शकूच्या हातातून काढून मला दिलं. मी पाणी प्यालो. शकू रिकाम्या हाताने तिथेच उभी होती. काय म्हटलं की ती पुढे चालू लागेल ते मला माहीत होतं. पण तिच्या आईने नुकतंच मला बजावलं होतं, आणि ते तिने उगाच बजावलं नव्हतं. मी तो शब्द उच्चारला नाही, भांडं सुपाशी ठेवून निघालो.

चार वाजता मास्तरांच्या खोलीवर गेलो. त्यांनी चहाचं आधण ठेवलेलं होतं. मी क्रमाने सगळं सांगितलं. सहा घरांपर्यंत ते नुसते मान हलवत होते. ठाकुर्लीचं अंगण सांगायला लागलो तेव्हा त्यांनी स्टोव्ह बंद केला.

"पाचव्याला हात टाकला?"

"टाकला."

"पाणी होतं हातात, तरी?"

"तरी."

"आणि समेवर थांबली." हे त्यांनी विचारलं नाही, स्वतःशी म्हटलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "किती वेळ?"

"मी घड्याळ पाहिलं नाही, मास्तर. मी निघालो तेव्हा उभीच होती."

ते उठले. कोट घातला नाही, टोपीही घेतली नाही. चपला पायात सरकवल्या आणि दाराबाहेर पडले. चाळीच्या ओट्यावरून शेताच्या बांधाला लागताना ते मला दिसले, तोंड ठाकुर्लीच्या बाजूला होतं आणि चाल नेहमीपेक्षा बरीच जलद होती. त्यांनी दार ओढून घेतलं नव्हतं. कुलूप कुठे असतं ते मला ठाऊक नव्हतं आणि खोली उघडी टाकून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी तिथेच, त्यांच्या एकुलत्या एका कपापुढे, बसून राहिलो.